हेल्परच्या पुढची पायरी

मार्च 2023 च्या अखेरीस बल्लारपुरातून सागवानाची शोभायात्रा निघाली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले निवडक सागवान वनविकास महामंडळाच्या आगारातून पाठवायचे होते. लाकडाची पूजा झाली, रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहिली. आलापल्लीच्या सागाचे नाव देशभर आहे. या मातीत वाढलेल्या झाडाला असा मान मिळाल्याचा आनंद इथल्या माणसाला झाला, तो खराच होता.

पुढे ती दारे घडली हैदराबादच्या एका लाकूड कंपनीच्या हाताखाली, आणि त्यांवर कोरीवकाम केले तमिळनाडूच्या सुतारांनी. त्यांच्या कसबाबद्दल तक्रार करायला जागाच नाही. पण एक प्रश्न राहतो. ज्या जंगलात शंभर-शंभर वर्षांचे साग उभे आहेत, त्या जंगलात राहणाऱ्या गोंड, माडिया, परधान, हलबा, कोलाम घरांतून असे काम हाती घेणारी सुतारांची पिढी का उभी राहिली नाही? लाकूड तोडायला, ओढायला, ट्रकवर चढवायला इथलेच हात होते. लाकडाचा भाव मात्र रंधा फिरल्यावर वाढतो.

ही गोष्ट आजची नाही. 1882 साली जमशेटजी टाटांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल आला. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोहारा भागात उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असे त्यात म्हटले होते. जमशेटजींनी नमुने तपासून घेतले. वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना आणि बेत बारगळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची माणसे पुन्हा चांद्याला आली, इथून दुर्गकडे सरकली, आणि शेवटी कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. टाटांच्या पोलादाचा विचार पहिल्यांदा आकाराला आला तो या जिल्ह्याच्या नकाशावर. इंग्रज अमदानीतल्या नोंदींत इथल्या देशी लोखंडभट्ट्यांचाही उल्लेख सापडतो. लोणारी कोळसा, भाता आणि मातीची भट्टी एवढ्यावर नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी करणारी माणसे इथे होती. परदेशी लोखंड बाजारात आले, जंगल राखीव झाले, कोळसा पाडायला बंदी आली आणि भट्ट्या विझल्या. तेव्हा कौशल्य नव्हतेच म्हणून ते शिकवावे लागले असे नव्हे. होते ते मोडले गेले. कौशल्यविकासाच्या कुठल्याही योजनेची सुरुवात या आठवणीपासून व्हायला हवी.

ही आठवण घेऊन आता मूलला यावे. मूल हे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या मधले तालुक्याचे गाव. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणारा रस्ता गावातून जातो, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर मूल-मरोडा स्थानक आहे. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, गावाभोवती राईस मिली, आणि त्यापलीकडे जंगल. एका बाजूला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा बफर जवळच आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे चंद्रपूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण 17.7 टक्के आणि गडचिरोलीत 38.7 टक्के. गडचिरोलीचा सुमारे 76 टक्के भूभाग वनाखाली आहे. या दोन जिल्ह्यांतल्या गावखेड्यांत हाताला काम कसे आणि कधी मिळते, ते समजून घेतल्याशिवाय आयटीआयच्या हजेरीपटाचा अर्थ लागत नाही.

जुलै-ऑगस्टात रोवणा, म्हणजे भातलावणी. दिवाळीच्या सुमारास धान कापणी, मग चुरणे. जानेवारी लागला की मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरी या पट्ट्यातून माणसे तेलंगणात मिरची तोडायला निघतात. घरेच्या घरे कुलपे लावून जातात. मुले बरोबर जातात किंवा आजीजवळ राहतात. 2020 च्या टाळेबंदीत तिकडे हजारो मजूर अडकले आणि त्यांतले कितीतरी पायी परतले, तेव्हा हे स्थलांतर बाहेरच्या जगाला पहिल्यांदा दिसले. मार्च-एप्रिल मोहफुलांचा. मे महिन्यात तेंदूपत्ता, दोन-तीन आठवड्यांचा हंगाम, पण वर्षाच्या रोख पैशाचा मोठा वाटा त्यातून येतो. हा पैसा जिवावर उदार होऊन मिळवावा लागतो. मे 2025 मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

आता या वर्षचक्रावर प्रशिक्षणाचे वेळापत्रक ठेवून पाहावे. आयटीआयचे सत्र ऑगस्टच्या आसपास सुरू होते, म्हणजे रोवणा ऐन रंगात असताना. तीन महिन्यांची कौशल्य तुकडी निधी आला की सुरू होते, मग तो मोहाचा हंगाम असो की मिरचीचा. मुलगा आठ दिवस गैरहजर राहिला की त्याच्यावर अनास्थेचा शिक्का बसतो. त्या आठ दिवसांत त्याने घरात आणलेला पैसा वर्षाच्या मिठामिरचीचा असतो, हे कोणी हजेरीपटावर लिहीत नाही. सुट्टी दिवाळीला मिळते, तशी तेंदूच्या हंगामाला का मिळू नये? तुकड्या हंगाम पाहून लावल्या, तर गळती बरीच थांबेल असे मानायला जागा आहे, आणि त्याला एक रुपयाही जादा लागत नाही.

आयटीआय हा या प्रवासाचा मुख्य दरवाजा आहे आणि तो वाईट नाही. 1950 पासून देशात कारागीर प्रशिक्षण योजना चालू आहे. फिटर, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वेल्डर, वायरमन, सुतारकामाला आठवी पुरते. दहावीच्या गणितात अडकलेल्या आश्रमशाळेतल्या मुलासाठी हे मोठे दार आहे, पण कितीतरी पालकांना ते आहे हेच ठाऊक नसते. प्रवेश ऑनलाइन, कागदपत्रे ऑनलाइन, जातवैधतेची पायपीट वेगळी. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून येणाऱ्या मुलाला घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि वर्कशॉपमध्ये इंग्रजी यंत्रशब्द, असा तिहेरी उंबरठा ओलांडावा लागतो. तो ओलांडून मुले पुढे जातात. अडचण येते ती त्यानंतर.

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे धंदा हाती आला असे होत नाही. वायरमनला परवाना काढावा लागतो. वेल्डरला कंपनीच्या दारात चाचणी द्यावी लागते: पाइप तिरका बांधलेला, वेल्डिंग वरून, खालून, बाजूने सगळीकडून सारखे उतरले पाहिजे. वर्षभराच्या अभ्यासक्रमात हातून मोजकेच रॉड जळालेले असतील, तर तिथे हात थरथरतो. फिटरला शिकाऊ उमेदवारी हवी, तिचा कायदा 1961 सालापासून आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी, भद्रावतीची आयुधनिर्माणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना ही सगळी उमेदवारीची ठिकाणे एका जिल्ह्यात आहेत. महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला एवढे उद्योग आले असतील. पण उमेदवारीच्या विद्यावेतनात चंद्रपूर शहरात खोली, खानावळ आणि बसभाडे भागत नाही. घरून पैसे मागवायची सोय नसलेला मुलगा चौथ्या महिन्यात गावी परततो, आणि पुढच्या जानेवारीत मिरचीच्या गाडीत बसतो. त्याने काम सोडले अशी नोंद होते. त्याला खोली मिळाली नाही अशी नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

कळीचा मुद्दा हा आहे. आदिवासी तरुण कामाला लागतो, पण तो हेल्पर म्हणून लागतो आणि हेल्पर म्हणूनच राहतो. हेल्परचा मिस्त्री होणे, मिस्त्रीचा सुपरवायझर किंवा स्वतःच्या चार माणसांचा ठेकेदार होणे, ही चढण म्हणजे करिअर. सरकारी अहवालात किती जणांना प्रशिक्षण दिले आणि मेळाव्यात किती नियुक्तिपत्रे वाटली, एवढेच मोजतात. दोन वर्षांनी तो माणूस कुठल्या पायरीवर आहे, हे मोजले तर चित्र वेगळे दिसेल.

मूलमध्येच एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. राईस मिलमध्ये साफ केलेले धान जाते ते रबर रोलच्या शेलरमध्ये. दोन रबरी रोल समोरासमोर उलट दिशेने फिरतात, एक जलद, एक सावकाश. या वेगाच्या फरकाने दाण्यावरचे तूस सोलून निघते. दोन रोलमधली फट किती ठेवायची, यावर मालकाचा नफा अवलंबून. फट जास्त झाली तर धान न सोलता पुढे जाते. कमी झाली तर दाणा तुटतो, कणी वाढते, रोल तापून लवकर झिजतात. जलद बाजूचा रोल आधी झिजतो, म्हणून वेळेवर दोघांची अदलाबदल करावी लागते. धान ओले आहे की कडक, जाड आहे की बारीक, त्याप्रमाणे फट बदलायची. मुरलेला मिस्त्री रोलखालून मूठभर दाणे घेऊन तळहातावर पसरतो, न सोललेले किती, तुटलेले किती ते पाहतो आणि चक्री अर्धा आटा फिरवतो. त्या अर्ध्या आट्यात वर्षांचा अनुभव असतो. आणि त्याच मिलमध्ये पाठीवर पोती वाहणारा माणूस रोज तेच यंत्र पाहत असतो, त्याचा आवाज बदललेला त्यालाही कळतो. त्याला फट लावायला कोणी शिकवत नाही, कारण तो पोती वाहायला ठेवलेला असतो. शिकवायला सहा महिने लागतील, पण त्यासाठी मालक, आयटीआय आणि तो मजूर या तिघांना एकत्र आणणारी व्यवस्था हवी. मूलची एमआयडीसी, सिंदेवाहीचे भात संशोधन केंद्र, तालुक्यातल्या मिली हे सगळे हाकेच्या अंतरावर आहे. धानपट्ट्याच्या मधोमध राईस मिल मेकॅनिकचा चांगला अभ्यासक्रम असावा, यासाठी मुंबईला विचारायला जाण्याची गरज पडू नये.

चंद्रपूरहून मूलकडे येताना वाटेत चिचपल्ली लागते. 2014 साली शासनाने इथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. बांबूचीच भव्य इमारत उभी राहत होती. फेब्रुवारी 2022 मध्ये तिला मोठी आग लागली आणि मेहनतीने उभारलेला मोठा भाग जळून गेला. केंद्र तरी चालू राहिले. इथे पदविका अभ्यासक्रम आहे, गावांतल्या महिलांसाठी छोटी प्रशिक्षणे होतात.

बांबूचे काम या भागाला नवे नाही. बुरड समाज पिढ्यान्‌पिढ्या सूप, टोपली, ताटी, कणगी विणत आला आहे, आणि गोंड घरात तर बांबूशिवाय कुंपणही होत नाही. जुन्या जाणत्याला मानवेल आणि कटांग यांतला फरक हाताने कळतो. मानवेल भरीव, आधाराला आणि काठीला. कटांग जाड, पोकळ, काटेरी, फोडून कामट्या काढायला. पावसाळ्यात फुटलेले वास्ते भाजीला येतात, पण बेटातले नवे कोंब राखायचे, जुना बांबू गाठीच्या वर तोडायचा, हेही त्याला ठाऊक असते. मग नव्या केंद्राने त्याला शिकवायचे काय? शिकवायचे ते हे: बांबूतल्या पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो, सहा महिन्यांत पीठ पडायला लागते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवला तर वर्षानुवर्षे टिकतो. मोजमापाने काम केले, म्हणजे शंभर खुर्च्यांचे पाय एकाच उंचीचे निघाले, तर शंभर खुर्च्यांची ऑर्डर घेता येते. टोपली विणणारा आणि फर्निचर करणारा यांच्या कमाईत जो फरक पडतो, तो या दोन गोष्टींत आहे. हे शिक्षण खरे उपयोगी आहे, त्याची किंमत कमी लेखू नये.

पण कच्चा माल कुणाचा, हा प्रश्न त्याच्या आधी येतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या दोन जिल्ह्यांतला बांबू दशकानुदशके स्वस्त दराने मिळत आला, आणि त्याच जंगलात राहणारा माणूस चार बांबू तोडताना गुन्हेगार ठरत होता. हे चित्र पालटायला सुरुवात झाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावापासून. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या साथींना बरोबर घेऊन, वर्षानुवर्षे अभ्यास करून आपला हक्क मागितला. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे. वनहक्क कायदा 2006 चा. त्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपज म्हटलेला आहे. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखाते देईना. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. त्यानंतर ग्रामसभेने निविदा काढल्या, बांबू विकला, मजुरी वाढवली, हिशेब ठेवले. हिशेब लिहिणे, बेटांची मोजणी करणे, निविदा उघडणे ही सगळी कौशल्येच आहेत, आणि ती गावातल्या तरुणांनी आपल्या कामासाठी आत्मसात केली. त्यांच्यासाठी कुठली योजना आली नव्हती.

तरीही मेंढ्याचा किंवा त्याच्या वाटेने गेलेल्या इतर ग्रामसभांचा बांबू बहुतांशी लांब बांबू म्हणूनच विकला जातो. जंगलाचा हक्क एकीकडे आला, चिचपल्लीचे प्रशिक्षण दुसरीकडे उभे राहिले, आणि दोन्हींची गाठ अजून नीट पडलेली नाही. ग्रामसभेचा बांबू, ग्रामसभेच्या आवारात मुरवणीची टाकी, आणि केंद्रातून शिकून आलेली त्याच गावची दहा मुले-मुली, असे एकत्र आले तर तिथे उद्योग उभा राहील. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत टोपली-चटई विणणारे आहेत, सुतार, लोहार आणि गवंडीही आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात 1 लाख, पुढे 2 लाख रुपये कर्ज मिळू शकते. पाच-सात दिवसांच्या प्रशिक्षणाने मुरलेल्या बुरडाला फारसे नवे मिळत नाही; कर्जाचा आणि अवजाराचा उपयोग मात्र नक्की आहे, बांबू हाती येत असेल तर.

मूल तालुक्यातच आपल्या कामातून शिकण्याच्या विचाराचा एक जुना प्रयोग आहे. 1967 साली बाबा आमटे यांनी सोमनाथ प्रकल्प सुरू केला. कुष्ठमुक्त माणसांनी तिथली पडीक जमीन लागवडीला आणली, बांध घातले, धान पिकवले. बाबांच्या मनात तिथे श्रमिक विद्यापीठ काढायचे होते, जिथे हाताने काम करणे आणि शिकणे वेगळे नसेल. ते विद्यापीठ त्यांच्या कल्पनेप्रमाणे झाले नाही, पण दर मे महिन्यात भरणारी श्रमसंस्कार छावणी त्यातूनच आली आणि महाराष्ट्रातल्या हजारो तरुणांनी मूलच्या उन्हात कुदळ धरली. त्याआधी 1964 मध्ये वरोऱ्याचे आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले होते. ते बांधायला बाबांच्या आनंदवन वसाहतीतले कुष्ठमुक्त होते, ज्यांची बोटे झडलेली होती. गवंडीकाम, सुतारकाम, वेल्डिंग, हातमाग हे सगळे आनंदवनात माणसे शिकली ती आपल्याच वस्तीच्या भिंती, दारे आणि खाटा करताना. समाजाने टाकून दिलेल्या माणसांना हे जमले, याचे कारण काम खरे होते आणि उभी राहणारी वास्तू त्यांची होती. प्रशिक्षण केंद्रात भिंत बांधतात आणि दुसऱ्या तुकडीसाठी पाडतात. ती पुन्हा बांधून कुणाचा हात बसत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची कल्पना याच धर्तीची आहे. 45 दिवसांत शिकाऊ गवंड्यांनी मिळून एक खरे घरकुल उभे करायचे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात घरकुलाला 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. गावात दहा घरकुले मंजूर झाली, तर दहा घरांचे गवंडीकाम, सळाखीचे काम, दारे-खिडक्या, वीजजोडणी हे सगळे गावात किंवा शेजारच्या गावात राहू शकते. बाहेरचा ठेकेदार आला की ते बाहेर जाते. जलजीवन मिशनच्या नळयोजनांसाठी ‘नल जल मित्र’ तयार करायचे ठरले, त्यामागेही हाच विचार: पंप बंद पडला तर तालुक्याहून माणूस येईपर्यंत बायांनी आठ दिवस हंडे वाहू नयेत. गावाला एक प्लंबर, एक मोटार दुरुस्त करणारा, सौरपंपाचे पॅनेल पुसून जोडण्या तपासणारा एक, एवढी माणसे गावातच पोसली जाऊ शकतात. त्यांना मेळाव्याची गरज नाही, वर्षाच्या देखभाल कराराची आहे.

मोठ्या पैशाचे काम मात्र आता गडचिरोलीच्या दक्षिणेकडून येत आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाची खाण 2021 पासून जोरात चालू झाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लॉइड्स मेटल्सचा कारखाना उभा राहिला. 1 जानेवारी 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथल्या कार्यक्रमाला होते. फडणवीसांचे घराणे मूलचे, त्यामुळे या भागाला त्यांच्याकडून अपेक्षाही अधिक. आत्मसमर्पण केलेल्या माजी नक्षलवाद्यांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतले गेले, आदिवासी मुली अवजड डंपर चालवायला शिकल्या. ज्या तालुक्यात बारावीनंतर पोलीस भरती किंवा शेती एवढेच पर्याय होते, तिथे हा बदल मोठा आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती आपल्या 60 साथीदारांसह शरण आला. बंदूक ठेवलेल्या इतक्या हातांत पुढे काय द्यायचे, हा प्रश्न आता भाषणातला उरलेला नाही.

याच खाणीला अनेक ग्रामसभांचा विरोध आहे आणि तो बाजूला सारून लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सुरजागडचा डोंगर हे ठाकूरदेवाचे ठिकाण, जानेवारीत तिथे यात्रा भरते. 2023 मध्ये खाणींच्या विरोधात तोडगट्टा या गावी महिनोन्‌महिने लोक बसून होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे जंगल आणि पाणी देऊन बदल्यात हेल्परची नोकरी मिळणार असेल, तर हा सौदा कुणालाही तोट्याचा वाटेल. खाण असो वा कारखाना, त्याने किती स्थानिक घेतले या आकड्यापुढे दुसरा आकडा मागायला हवा: त्यांतले किती जण फोरमन झाले, किती जण इलेक्ट्रिकल विभागात आहेत, किती जणांचे स्वतःचे दुरुस्तीचे वर्कशॉप आहे.

या चढणीचे एक लांबचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. कॅनडात मॉन्ट्रियलजवळ काहनावाके ही मोहॉक या आदिवासींची वस्ती. 1886 मध्ये तिच्या जमिनीवरून सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेपूल बांधायचे ठरले. जमिनीच्या बदल्यात गावच्या पुरुषांना मजुरी द्यायचे ठरले, दगड वाहायची. पण पोरे पुलाच्या सांगाड्यावर चढून कारागिरांचे काम पाहू लागली, आणि कंपनीने काही जणांना रिवेट मारायला शिकवले. ते दुसऱ्यांना शिकवत गेले. 29 ऑगस्ट 1907 ला क्यूबेकचा अर्धवट पूल कोसळला आणि मेलेल्या 75 जणांत 33 एकट्या काहनावाकेचे होते. गावातल्या बायांनी तेव्हा ठरवले की सगळ्या पुरुषांनी एकाच पुलावर कामाला जायचे नाही. धंदा सोडा, असे त्या म्हणाल्या नाहीत. पुढे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींच्या पोलादी सांगाड्यांवर मोहॉक टोळ्यांनी काम केले, ब्रुकलिनमध्ये त्यांची वस्ती झाली, आणि आठवड्याच्या शेवटी शेकडो किलोमीटर गाडी चालवून ते गावी येत राहिले.

मोहॉकांना उंचीची भीती जन्मजातच नसते, अशी समजूत अमेरिकेत खूप पसरली. ती खोटी आहे. त्यांनाही भीती वाटते. वडील, काका, मामा सांगाड्यावर बरोबर असल्याने ती काबूत ठेवायला ते शिकले. आपल्याकडे याच्या उलट समजूत आहे: आदिवासी पोर जंगलात चपळ, पण मशीनवर टिकत नाही. हीसुद्धा तितकीच खोटी. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांच्यामागे महिनोन्‌महिन्यांचे कडक प्रशिक्षण होते, चांगले शिक्षक होते, पूर्ण खर्च सरकारचा होता आणि वाटेत जेवणाची चिंता नव्हती. तेवढीच तयारी शंभर वेल्डरांच्या मागे उभी केली, तर चाचणीच्या दिवशी त्यांचा हात थरथरणार नाही.

काहनावाकेच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचे आहे ते एकाने दुसऱ्याला शिकवणे. आपल्याकडे गावातून एकच मुलगा लांबच्या कंपनीत जातो, एकटा पडतो, परत येतो. एका गावातली चार-पाच मुले एकाच आयटीआयत, एकाच खोलीत, एकाच साइटवर पाठवली तर ती टिकतात. आधी गेलेला नंतरच्याला नेतो. मुलींच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे; जंगलातल्या रस्त्याने अंधारात सायकलवर येणे बंद करून वसतिगृहाची जागा दिली, तर फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात त्यांची संख्या वाढायला दुसरे कारण शोधावे लागणार नाही. गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ उपक्रमातून आतल्या गावांतली मुले-मुली प्रशिक्षणाला आणि नोकरीला बाहेर गेली आहेत. त्यांना पाठवणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ती पुढच्या तुकडीला वाट दाखवायला परत येणे.

वडसा ते गडचिरोली हा 52 किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतो आहे. कोनसरीचा विस्तार ठरला आहे, रस्ते चौपदरी होत आहेत, घरकुले मंजूर होत आहेत. एवढी कामे एकाच वेळी या दोन जिल्ह्यांत याआधी क्वचितच आली असतील. प्रत्येक मोठ्या कामाच्या निविदेत एक कलम घालता येते: ठेकेदाराने ठरावीक संख्येने स्थानिक आदिवासी शिकाऊ उमेदवार घ्यावेत, त्यांची राहण्याजेवणाची सोय करावी, आणि दोन वर्षांत त्यांना मिस्त्रीच्या दर्जाला आणून द्यावे. आणि दर वर्षी एक यादी ग्रामसभेत वाचली जावी: आपल्या गावचे किती जण हेल्पर म्हणून लागले, त्यांतले किती फिटर, वेल्डर, ऑपरेटर झाले, किती जणांनी काम सोडले आणि कशामुळे सोडले.